पोथीतली तलवारबाजी आणि कार्यशाळेतले हात

गेल्या अंकात जुन्या युरोपीय शस्त्रविद्येच्या पुनरुज्जीवनाविषयी आम्ही एक छोटे टिपण छापले होते. चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकांतील हस्तलिखिते आणि छापील ग्रंथ यांच्या आधारे लाँगसोर्ड, रेपियर (लांब, सडपातळ, मुख्यतः टोचण्याची तलवार), खंजीर, कुस्ती अशा, परंपरा तुटलेल्या विद्या नव्याने उभ्या करण्याच्या या चळवळीला तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘हेमा’ म्हणतात, आणि ती शिकण्याचा रूढ मार्ग म्हणजे एक-दोन दिवसांची प्रत्यक्ष कार्यशाळा, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या वसतिगृहाच्या फलकावर ‘नवशिक्यांसाठी लाँगसोर्ड, शनिवार-रविवार’ अशी सूचना लागली आहे. जुने पोशाख घालून लढाईचे सोंग करण्याचा हा प्रकार आहे, की खरोखर काही शिकायला मिळते? मी आजवर हातात काठीसुद्धा धरलेली नाही. (एक वाचक, ड्रेस्डेन)

उत्तर : सोंगाचा प्रकार वेगळा आणि हा वेगळा. ऐतिहासिक लढायांचे देखावे उभे करणाऱ्या मंडळींचे लक्ष पोशाख, छावणी आणि प्रेक्षक यांच्याकडे असते. चित्रपटासाठी तलवार चालवणाऱ्यांना वार दिसायला हवा असतो, पण तो लागायला नको असतो. हेमाच्या कार्यशाळेत कोणी मध्ययुगीन अंगरखा घालून येत नाही. व्यायामशाळेत साधे ट्रॅकसूट घातलेली माणसे असतात, कोपऱ्यात जाळीच्या मास्कचा ढीग असतो आणि एका बाकावर जुन्या पोथीच्या पानांच्या छापील प्रती ठेवलेल्या असतात.

लाँगसोर्ड म्हणजे दोन्ही हातांनी धरायची, सव्वा मीटरच्या आसपास लांबीची सरळ दुधारी तलवार. ती प्रचंड जड असते हा समज पहिल्या पाच मिनिटांत जातो, कारण तिचे वजन साधारण दीड किलोच्या आतबाहेर असते. सरावासाठी जे बोथट पोलादी हत्यार वापरतात त्याला ‘फेडर’ म्हणतात. त्याचे पाते अरुंद आणि टोकाकडे लवचीक असते, टोक वळवलेले किंवा जाड केलेले असते, आणि मुठीलगत पाते थोडे रुंद ठेवून तोल साधलेला असतो. नवशिक्यांना काही ठिकाणी नायलॉनची तलवार देतात. तीही बरी, मात्र ती पोलादावर पोलाद आदळल्यासारखी वागत नाही, आणि पुढे ज्या स्पर्शज्ञानाविषयी मी लिहिणार आहे ते तिच्यात नीट कळत नाही.

पहिल्या दिवशी काय होते ते सांगतो. सुरुवातीचा वेळ पायांचा असतो : मागचा पाय पुढे टाकत तिरके कसे सरकायचे, गुडघा कोठे ठेवायचा. मग चार पवित्रे येतात. जर्मन परंपरेत त्यांची नावे ऑक्स, प्फ्लूग, आल्बर आणि फॉम टाग अशी आहेत. ऑक्समध्ये मूठ डोक्याच्या बाजूला आणि टोक समोरच्याच्या चेहऱ्याकडे. प्फ्लूगमध्ये मूठ कमरेपाशी, टोक पुन्हा चेहऱ्याकडेच. आल्बरमध्ये टोक जमिनीकडे सोडलेले. आणि फॉम टागमध्ये तलवार खांद्यावर किंवा डोक्यावर उचललेली. त्यानंतर हवेत वार करण्याचा सराव होतो, आणि येथेच बहुतेकांना कळते की पात्याची धार वाराच्या रेषेत ठेवणे ही मुळीच आपोआप घडणारी गोष्ट नाही. दुपारनंतर जोड्या लावतात. तुमच्यासमोर उभा राहणारा माणूस तुम्हाला संथपणे, पण खऱ्या अंतरावरून वार करतो, आणि त्याला उत्तर देणे एवढेच तुमचे काम असते.

या जोडीच्या सरावात नवशिक्याकडून एक गोष्ट हमखास घडते : समोरच्याला लागू नये म्हणून तो मुद्दाम वार अपुरा सोडतो किंवा बाजूने नेतो. त्याच्या मनात सौजन्य असते, पण बचाव करणारा चुकीचे शिकतो, कारण जो वार लागणारच नव्हता तो अडवण्याची त्याला सवय लागते. म्हणून चांगला प्रशिक्षक वेग कमी करायला सांगतो, पण नेम बदलू देत नाही. तुमच्या कार्यशाळेत हा आग्रह दिसला तर निश्चिंत मनाने दोन्ही दिवस थांबा.

प्रश्न : आपल्याकडे शस्त्रविद्या वस्तादाकडून शिष्याकडे येते. या युरोपीय विद्येची परंपरा तुटली आहे असे तुमच्याच टिपणात म्हटले होते. मग शिकवणाऱ्याच्या शब्दाला आधार कशाचा? चित्रे पाहून केलेल्या तर्काला विद्या म्हणावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या स्तंभाकडे आलेल्या पत्रांत हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

परंपरा तुटली हे खरे आहे. एके काळी ती चांगली बांधलेली होती : ‘मार्क्सब्रूडर’ या तलवारबाजांच्या संघाला सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने 1487 मध्ये सनद दिली होती आणि उस्तादाचा दर्जा देण्याचा अधिकार त्या संघाकडे होता. पुढे युद्धात बंदुकीचे माहात्म्य वाढले, नागरी जीवनात लाँगसोर्डची जागा हलक्या, टोचण्याच्या तलवारींनी घेतली, आणि आजच्या ऑलिंपिकमधील फेन्सिंग त्या नंतरच्या शाखेतून आले. लाँगसोर्डचा उस्ताद मात्र उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एगर्टन कॅसल आणि कॅप्टन आल्फ्रेड हटन यांनी जुने ग्रंथ धुंडाळून प्रात्यक्षिके केली, कॅसल यांचा तलवारबाजीच्या इतिहासावरील ग्रंथ 1885 मध्ये आला, पण त्यांच्यामागे तो उद्योग थंडावला. आज जी चळवळ दिसते ती मुख्यतः 1990 नंतरची आहे. ग्रंथालयांतील हस्तलिखितांच्या प्रती हातोहात फिरू लागल्या आणि पुढे त्या इंटरनेटवर आल्या, तेव्हा तिला बळ मिळाले.

तेव्हा येथे शेवटचा शब्द वस्तादाचा नसून पोथीचा असतो. प्रशिक्षक ‘माझ्या गुरूंनी असे सांगितले’ असे म्हणत नाही. अमुक हस्तलिखिताच्या अमुक पानावर असे लिहिले आहे आणि मी त्याचा असा अर्थ लावतो, असे तो म्हणतो, निदान म्हणायला हवे. या पोथ्याही साध्या नाहीत. जर्मन परंपरेचा मूळ पुरुष योहानेस लिख्टेनाउअर चौदाव्या शतकातला मानला जातो. त्याच्या नावावर केवळ यमकबद्ध ओळी शिल्लक आहेत, आणि विद्या कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पडू नये म्हणून त्या मुद्दाम गूढ ठेवल्याचे भाष्यकारच सांगतात. त्यामुळे आपण जे वाचतो ते बहुतांशी पंधराव्या शतकातील सिगमुंड रिंगेक आणि त्याच्यासारख्या भाष्यकारांचे स्पष्टीकरण असते.

इटलीत फ्रिउली प्रांतातला फिओरे देई लिबेरी याने पंधराव्या शतकाच्या आरंभी, 1410 च्या सुमारास, आपला सचित्र ग्रंथ सिद्ध केला आणि तो फेराराचा अधिपती निकोलो द एस्ते याला अर्पण केला. त्याने शिकवण्याची मोठी खुबीदार युक्ती योजली आहे. चित्रातील उस्तादाच्या डोक्यावर मुकुट असतो, त्याचा डाव वापरणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा बांधलेला असतो, आणि त्या डावावर तोड करणाऱ्याच्या अंगावर मुकुट व पट्टा दोन्ही असतात. त्यामुळे पान उघडताच कोण जिंकतो आहे आणि हा डाव मूळ आहे की त्यावरची तोड, हे कळते. हाच फिओरे प्रस्तावनेत सांगतो की आपली विद्या सांगायला नकार दिल्याने चिडलेल्या इतर उस्तादांशी त्याला पाच वेळा, चिलखताविना, फक्त आतला जाड अंगरखा आणि कातडी हातमोजे घालून धारदार तलवारींनी लढावे लागले. स्वतःची जाहिरात करण्याची रीत तेव्हाही होतीच.

पण चित्रात एक क्षण असतो, हालचाल नसते. दोन चित्रांच्या मधे पाऊल कोणते पडले, मनगट कोठे वळले, हे कागदावर नाही. न्युर्नबर्ग येथे जतन केलेल्या, लिख्टेनाउअर परंपरेतील एका जुन्या हस्तलिखिताच्या कर्त्याने हे स्वतःच कबूल केले आहे : तलवारबाजी हाताने जितकी स्पष्ट दाखवता येते तितकी ती बोलून किंवा लिहून सांगता येत नाही, असे तो म्हणतो, आणि विद्येवाचून सराव उपयोगी पडतो पण सरावावाचून विद्या उपयोगी पडत नाही, अशीही पुस्ती जोडतो.

कार्यशाळेचे महत्त्व येथे आहे. ती पोथीचा अर्थ तपासण्याची जागा आहे. एक उदाहरण घेतो. लिख्टेनाउअर परंपरेतील पहिला मोठा वार ‘त्सोर्नहाउ’ म्हणजे उजव्या खांद्यावरून तिरका उतरणारा, रागाने हाणल्यासारखा सरळसोट वार. भाष्य सांगते, की समोरच्याने वरून वार केला तर तुम्हीही त्याच्या वारावर असाच वार करा. पाती एकमेकांना भिडली आणि त्याचा हात मऊ वाटला, तर टोक सरळ त्याच्या चेहऱ्यावर ढकला. त्याने ते जाणून जोराने तुमची तलवार बाजूला रेटली, तर तुमची तलवार त्याच्या पात्यावरून वर काढून घ्या आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा डोक्यावर हाणा. वाचायला हे दोन मिनिटांचे काम आहे. पण ‘मऊ’ म्हणजे किती मऊ आणि ‘जोराने’ म्हणजे किती जोराने, हे कोणत्याही भाष्यात लिहिलेले नाही आणि लिहिता येण्यासारखेही नाही.

कार्यशाळेत जोडीदार मुद्दाम कधी सैल तर कधी ताठ हात ठेवतो आणि तुम्ही पाती भिडल्याभिडल्या ते ओळखायचे असते. पोलादाच्या दोन कडा एकमेकींना क्षणभर धरतात, हलकीशी थरथर मुठीपर्यंत येते आणि डोळ्यांनी काही दिसण्याआधी तळहाताला कळते की समोरचा रेटतो आहे की सोडतो आहे. काही प्रशिक्षक वेग अगदी कमी करून हा सराव डोळे मिटूनही करवून घेतात. जर्मन पोथ्यांत या जाणिवेला ‘फ्यूलेन’ म्हटले आहे आणि ती फार वरच्या दर्जाची मानली आहे. ती एकदा तळहाताला आली, की भाष्यातील वाक्य वेगळे वाचता येते. एखाद्याने लावलेला अर्थ पाती भिडल्यावर चालतच नसेल, तर तो सोडून पुन्हा पानाकडे जावे लागते.

म्हणजे तर्क आहेच, पण तो मोकाट नाही. त्याला एका बाजूने पोथी आणि दुसऱ्या बाजूने समोर उभा असलेला, सहकार्य न करणारा जोडीदार, असे दोन धनी आहेत. दोघांनाही पटेल असे उत्तर मिळेपर्यंत काम चालू राहते. याला विद्या म्हणावे की संशोधन, हे तुम्ही ठरवा. मला दोन्ही शब्द चालतील.

प्रश्न : एका कार्यशाळेत ‘क्रुम्पहाउ’ हा वार समोरच्याच्या हातांवर करायला शिकवला, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पात्यावर. दोघांनीही जुन्या ग्रंथाचाच हवाला दिला. खरे कोणाचे मानायचे? (एक वाचक, टोरंटो)

उत्तर : दोघांचेही खरे असण्याचा संभव आहे, कारण भाष्यांत दोन्ही उपयोग येतात : हात ओलांडून, बाजूला पाऊल टाकत समोरच्याच्या हातांवर टोक फेकणे आणि तसाच वार त्याच्या पात्याच्या सपाट भागावर मारून ते खाली पाडणे. वाद होतो तो पाऊल कधी पडते आणि मनगटे कितपत ओलांडायची याविषयी. पुढच्या वेळी प्रशिक्षकाला एवढेच विचारा, की हे कोणत्या भाष्यात आहे आणि तेथील मजकूर काय आहे. चिडून उत्तर आले तर कार्यशाळा बदला. ‘विक्टेनाउअर’ या संकेतस्थळावर बहुतेक हस्तलिखितांच्या प्रतिमा, मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतरे शेजारी-शेजारी मोफत पाहता येतात, तेव्हा उत्तर पडताळणेही अवघड नाही. मात्र भाष्यकारांची सरमिसळ करू नका. योआखिम मायर याचा स्ट्रासबुर्ग येथे 1570 मध्ये छापलेला ग्रंथ लिख्टेनाउअरचीच नावे वापरतो, पण मधे दीड-दोनशे वर्षे गेलेली आहेत आणि त्याच्या काळी जर्मन आखाड्यांत लाँगसोर्डने भोसकणे जवळपास सोडून दिलेले होते. त्याचा वार चौदाव्या शतकाच्या ओळींना चिकटवला की असे घोटाळे होतात.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या तालमीत लहानपणापासून लाठी, फरी-गदका आणि दांडपट्टा शिकलो. आता नोकरीनिमित्त मिलानला आहे. मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का? (एक वाचक, मिलान)

उत्तर : पाय, दम आणि अंतराचा अंदाज तुमच्याकडे तयार आहे, आणि नवशिक्याचा सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या याच तीन गोष्टी आहेत. अडचण पट्ट्याची येईल. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी हातमोजात आडवी धरलेली असते, त्यामुळे मनगट बांधले जाते आणि वार खांद्यातून व कमरेच्या फिरकीतून निघतो. लाँगसोर्डमध्ये याच्या नेमके उलटे आहे : मागचा हात मुठीच्या टोकाशी धरून ती तरफेसारखी चालवायची असते, आणि पाती भिडल्यावर मनगटाच्या अगदी थोड्या वळणाने टोक समोर आणायचे असते. शिवाय पट्ट्यात फिरत राहण्याची सवय असते. येथे समोरच्याच्या पात्याला चिकटून राहण्याला किंमत आहे. फिरकी घेण्याचा मोह आवरायला तुम्हाला काही महिने लागतील.

म्हणून माझे मत असे, की तुम्ही लाँगसोर्डऐवजी तलवार आणि बकलर यांपासून सुरुवात करावी, कारण फरी-गदक्याचा हात त्याला जवळचा आहे. बकलर म्हणजे एका मुठीत धरायची लहान गोल ढाल. आपल्या ढालीला आत दोन कड्या असतात आणि मुठीमागे गादी असते. बकलरला मधोमध एकच पकड असते, त्यामुळे ती हाताबरोबर पुढे फेकल्यासारखी वापरता येते. तिचे मुख्य काम अंग झाकण्याचे नसून तलवार धरलेला हात झाकण्याचे आहे. वार करताना दोन्ही हात जणू एकमेकांना बांधल्यासारखे बरोबर पुढे जातात. ढाल बाजूला आणि तलवार दुसऱ्या बाजूला अशी सवय असेल तर ती मोडावी लागेल. ही विद्या ज्या हस्तलिखितात आहे ते चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने युरोपीय तलवारबाजीचे पुस्तक मानले जाते. ते इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. त्यातील गुरू चक्क एक पाद्री आहे. तुम्ही इटलीत आहात, तेव्हा बोलोन्याच्या परंपरेचे वर्गही शोधा. आकिले मारोत्सो याचा 1536 मध्ये मोदेना येथे छापलेला ग्रंथ त्या परंपरेचा मोठा आधार आहे आणि त्यात तलवार-बकलरच्या लांबलचक रचना आहेत. तालमीत हात फिरवून घडलेल्या माणसाला त्या आवडाव्यात.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे, की दख्खनमध्ये युरोपीय पाती देशी मुठीत बसवून ‘फिरंग’ म्हणून वापरली जात, मग युरोपीय डावही इकडे आले असतील का. पाते आले म्हणून डावही आले असे समजू नये. तलवारीचा व्यापार होतो, पण मनगटाची सवय व्यापाऱ्याच्या गलबतातून येत नाही.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा पोलादी तलवारीच्या कार्यशाळेला जाण्याचा हट्ट धरून बसला आहे. यात दुखापत किती होते? आणि सामानाचा खर्च फार आहे असे ऐकते. (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : दुखापत होते, आणि ती होत नाही असे सांगणाऱ्या आयोजकापासून दूर राहा. निळे डाग ही रोजची बाब आहे. काळजी करण्याच्या जागा तीन आहेत : बोटे, गळा आणि डोक्याची मागची बाजू. दीड किलोचे पोलाद बोटांवर पडले तर साधा कातडी हातमोजा काही करू शकत नाही. म्हणून मोकळ्या लढतीसाठी जाड प्लास्टिकच्या कवचांचे खास हातमोजे लागतात आणि सामानात तेच सर्वांत महाग वाटतात. फेन्सिंगचा जाळीचा मास्क चेहरा राखतो, पण तो मुळात डोक्याच्या मागे वार होईल अशा कल्पनेने बनवलेला नसतो. त्यामुळे त्यावर मागचा भाग झाकणारे वेगळे आच्छादन चढवतात. गळ्याला स्वतंत्र कवच असावे. मास्कच्या गळपट्टीवर किंवा जाकिटावर 350, 800 किंवा 1600 न्यूटन असे आकडे असतात. ते कापड भोसकले जाण्याला किती दाद देते याचे माप आहे. आघाताने हाड मोडणार नाही, अशी ग्वाही त्यात नसते. पुष्कळ पालक हा आकडा वाचून निर्धास्त होतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

पहिल्या कार्यशाळेसाठी काहीही विकत घेऊ नका. नवशिक्यांना मास्क, हातमोजे आणि तलवार बहुधा आयोजकांकडूनच मिळते. पुढे जायचे ठरले तर आधी मास्क घ्या, मग हातमोजे, मग जाकीट. तलवार सगळ्यांत शेवटी. मुलगे हा क्रम नेहमी उलटा धरतात. वयाची अट ठिकठिकाणी वेगळी असते, तेव्हा नोंदणीआधी लेखी विचारा. आणि एकदा स्वतः जाऊन बघा : लढत थांबवण्याचा शब्द उच्चारताच सगळे खरोखर थांबतात का, दमलेल्या मुलाला कोणी बाहेर बसवते का, मास्क काढलेला असताना कोणी तलवार उचलते का. या तीन गोष्टी सामानाच्या किमतीपेक्षा जास्त सांगतात.

प्रश्न : माझी उंची जेमतेम पाच फूट आहे. स्त्रियांना यात कितपत वाव आहे? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : वर उल्लेखिलेल्या लीड्सच्या हस्तलिखिताच्या शेवटच्या पानांवर पाद्र्यासमोर तलवार आणि बकलर घेऊन उभी असलेली व्यक्ती एक स्त्री आहे, आणि तिचे नाव वाल्पुर्गिस असे दिलेले आहे. ती कोण होती हे पोथी सांगत नाही, पण तिचे पवित्रे पुरुष शिष्यापेक्षा तसूभरही वेगळे काढलेले नाहीत.

उंचीचा तोटा मात्र खरा आहे आणि तो गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. उंच माणसाचा वार तुमच्या आधी पोहोचतो. त्यामुळे तुम्हाला पात्याशी पाते लावून आत शिरण्याचे डाव लवकर शिकावे लागतील, जवळ गेल्यावर हात पकडणे आणि मुठीने ढकलणे यांचा सरावही हवा. फिओरेच्या ग्रंथाचा आरंभच कुस्ती आणि खंजीर यांपासून होतो, तेव्हा त्याच्या परंपरेची कार्यशाळा तुम्हाला सोयीची पडेल. तलवारही स्वतःच्या मापाची मागा. सर्वांना एकाच लांबीच्या तलवारी वाटणारे आयोजक पुष्कळ असतात.

प्रश्न : ठाण्यात राहून व्हिडिओ पाहून हे शिकता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पावले, पवित्रे आणि हवेतील वार येतील, पोथ्याही वाचता येतील, आणि तेवढे केलेला माणूस कार्यशाळेत इतरांच्या पुढे असतो. पात्याचा दाब ओळखणे येणार नाही. एखादा समविचारी मित्र, दोन मास्क आणि दोन नायलॉनच्या तलवारी मिळाल्या तर संथ गतीने त्सोर्नहाउचा वर सांगितलेला डाव करून पाहा. मास्कशिवाय करू नका, संथ गतीनेही नाही.

प्रश्न : मी वर्षभर नियमित वर्गाला जातो. आता स्पर्धेत उतरावे असे वाटते. प्रशिक्षक मात्र स्पर्धांविषयी नाखूश आहेत. (एक वाचक, स्टॉकहोम)

उत्तर : त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. स्पर्धेवरचा नेहमीचा आक्षेप असा, की गुणासाठी माणूस स्वतःला वार लागण्याची पर्वा न करता समोरच्याला मारतो आणि दोघेही ‘मरतात’. धारदार तलवारीच्या विद्येत याहून मोठी थट्टा नाही. म्हणूनच अनेक स्पर्धांत दोघांना एकदम वार लागल्यास गुण मिळत नाहीत, किंवा वार खाल्ल्यानंतर लगेच परत केलेला वार पहिल्याच्या गुणातून वजा होतो. नियम कसेही केले तरी माणसे त्यांतून वाट काढतातच. सोळाव्या शतकातील जर्मन आखाड्यांतही डोक्यावर सर्वांत उंच जागी रक्त काढणारा जिंकत असे, तेव्हा खेळाचे नियम विद्येला वाकवतात ही तक्रार आजची नाही.

दुसरी बाजू अशी, की ओळखीचा जोडीदार नकळत तुम्हाला सांभाळून घेतो. अनोळखी माणूस सांभाळत नाही. तुमचा त्सोर्नहाउ खरोखर उभा राहतो की वर्गातल्या सौजन्यावर चालला होता, हे पहिल्या तीन लढतींत कळते. तुमच्या देशातच योटेबोरी येथे ‘स्वोर्डफिश’ ही स्पर्धा 2006 पासून भरू लागली आणि ती या क्षेत्रातील नावाजलेल्या स्पर्धांपैकी आहे. अशा मेळाव्यांत लढतींबरोबर कार्यशाळाही असतात. पहिल्या वेळी कार्यशाळेसाठी जा, लढती बाजूला बसून पाहा, आणि कोणाला किती दुहेरी वार लागले याची वहीत नोंद ठेवा. प्रशिक्षकांना ती वही दाखवलीत तर त्यांच्याशी बोलणेही सोपे जाईल.

प्रश्न : वय 58. गुडघे कुरकुरतात. रेपियरची कार्यशाळा जवळ आहे, लाँगसोर्डची दोन तासांवर. कोणती निवडू? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : लाँगसोर्डची. रेपियर हलकी दिसते, पण कापो फेर्रो या इटालियन उस्तादाच्या 1610 च्या ग्रंथातील लांब झेप पुढच्या गुडघ्यावर शरीराचा भार एकदम टाकते, आणि नवशिक्यांच्या कार्यशाळेत ती झेप तासभर करायला लावतात. लाँगसोर्डमध्ये चालण्यासारखे पाऊल टाकून बराच सराव होतो. तरी खोल बसलेले पवित्रे टाळा. पोथीतील चित्रांत गुडघे वाकलेले दिसले म्हणून तुम्ही तितके वाकलेच पाहिजे असे नाही. नोंदणीच्या अर्जातच गुडघ्यांचा उल्लेख करा, म्हणजे जोड्या लावताना प्रशिक्षक तुम्हाला वीस वर्षांच्या उत्साही मुलासमोर उभे करणार नाही.